व्हॅम्पायर, दानव की अंधार: कादंबरीसाठी कोणती दुष्ट शक्ती निवडावी?

कल्पनारम्य कादंबरी लिहायला घेणाऱ्याला एक निर्णय फार लवकर घ्यावा लागतो आणि तो बहुधा घाईनेच घेतला जातो: नायकासमोर उभे कोणाला करायचे? व्हॅम्पायर, दानव आणि निराकार अंधार या तिन्हींचे काम भीती निर्माण करणे एवढेच असते, तेव्हा त्यांपैकी कोणीही चालेल, असा समज सर्रास आढळतो. प्रत्यक्षात या तिघांचे नायकाशी असलेले नाते अगदी वेगळे असते. व्हॅम्पायरला त्याचे शरीर हवे असते, दानवाला त्याची संमती हवी असते आणि अंधाराला त्याच्याकडून काहीच नको असते. निवड करताना हाच निकष आधी लावावा असे मला वाटते, कारण कथानकाची बांधणी, संवादांना मिळणारी जागा आणि शेवटाचे स्वरूप या साऱ्या गोष्टी त्यावरूनच ठरत जातात.

व्हॅम्पायरपासून सुरुवात करू, कारण तिघांमध्ये सर्वाधिक शारीरिक तोच आहे. आज डोळ्यांसमोर येणारा देखणा, सुसंस्कृत उमराव ही साहित्याने घडवलेली प्रतिमा असून ती 1819 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जॉन पॉलिडोरी यांच्या कथेपासून रूढ झाली. त्याआधीचा लोकसमजुतीतला व्हॅम्पायर म्हणजे गावातल्याच एखाद्या मृताचे फुगलेले, लालसर प्रेत होते. 1725 मध्ये सर्बियातील किसिल्येवो गावात काही दिवसांच्या अंतराने 9 माणसे दगावली, तेव्हा गावकऱ्यांनी पेतार ब्लागोयेविच या मृत शेतकऱ्याचे थडगे उकरले. तेव्हा तिथे सत्ता असलेल्या ऑस्ट्रियाच्या अधिकाऱ्याच्या अहवालानुसार प्रेत ताजे दिसत होते, जुनी कातडी सुटून खाली नवी आल्यासारखी वाटत होती आणि तोंडात रक्त होते. प्रेत कुजताना आत वायू साठून पोट फुगते, त्या दाबाने रक्तमिश्रित द्रव तोंडावाटे बाहेर येतो आणि त्वचा आक्रसल्यामुळे नखे वाढल्यासारखी भासतात, हे आता आपल्याला माहीत आहे. गावकऱ्यांनी मात्र छातीत खुंटा ठोकला आणि प्रेत जाळून टाकले. अशा प्रकारांना आळा घालण्यासाठी ऑस्ट्रियाच्या सम्राज्ञी मारिया थेरेसा यांना 1755 मध्ये फर्मान काढावे लागले.

लेखकाच्या दृष्टीने या इतिहासाचे मोल मोठे आहे. व्हॅम्पायरची भीती परक्याची नसून ओळखीच्या माणसाची आहे. काल ज्याला आपण पुरले तो आज दारात उभा आहे आणि आपले नाव घेऊन हाक मारतो आहे. त्यामुळे ज्या कादंबरीचा गाभा कुटुंब, वासना, आजार किंवा मृताला विसरू न शकणे हा आहे, तिथे व्हॅम्पायरइतका चपखल प्रतिस्पर्धी दुसरा नाही.

व्हॅम्पायर निवडण्याचे दुसरे कारण म्हणजे त्याच्यावरची बंधने. ब्रॅम स्टोकर यांच्या 1897 च्या ‘ड्रॅक्युला’ या कादंबरीत काउंट ड्रॅक्युला या व्हॅम्पायर उमरावाला स्वतःच्या भूमीतल्या मातीवाचून विसावा घेता येत नाही, म्हणून तो 50 पेट्या माती भरून लंडनला आणतो. कथेचा मोठा भाग या पेट्या शोधून एकेक निकामी करण्यात जातो; 49 हाती लागतात आणि उरलेल्या एकीसाठी त्याच्या मायदेशापर्यंत पाठलाग करावा लागतो. एका नियमाने कथेला दिशा आणि वेग दोन्ही दिले आहेत. याच कादंबरीत काउंट दिवसाढवळ्या हिंडतो, फक्त त्या वेळी त्याच्या शक्ती मर्यादित असतात. सूर्यप्रकाशाने व्हॅम्पायर नाहीसा होण्याची कल्पना 1922 च्या ‘नोस्फेरातू’ या मूकपटाने रुजवली. याचा अर्थ परंपरेतला प्रत्येक नियम पाळलाच पाहिजे असे मुळीच नाही; आपल्या कथेला उपयोगी पडतील असे दोन-तीन नियम निवडून ते शेवटपर्यंत निष्ठेने पाळले, की पुरे.

एका नियमाचे गणित मात्र आधी करून पाहावे. चावलेला प्रत्येक माणूस व्हॅम्पायर होतो आणि प्रत्येक व्हॅम्पायर महिन्याला एकाला चावतो असे धरले, तर संख्या दरमहा दुप्पट होते आणि एकापासून सुरुवात करून 33 महिन्यांत ती 8 अब्जांच्या पुढे जाते. पावणेतीन वर्षांत पृथ्वीवर शिकार उरत नाही. म्हणून परिवर्तनाची प्रक्रिया दुर्मीळ, अवघड किंवा परस्पर रक्तदानावर अवलंबून ठेवावी लागते. असे नियम मला फार आवडतात, कारण मग व्हॅम्पायरने कोणाला आपल्यासारखे केले हा त्याचा निर्णय ठरतो आणि निर्णयातूनच स्वभाव दिसतो.

दानवाची गोष्ट निराळी आहे. तो बळजबरीने काही नेतो तेव्हा कंटाळवाणा असतो आणि मागून घेतो तेव्हा भयंकर. शिंगे, पंख आणि आगीचा चाबूक असलेला अजस्र दानव म्हणजे शेवटी एक मोठे जनावरच. नायकाने पुरेसे बळ किंवा योग्य शस्त्र मिळवले की प्रश्न मिटतो. याउलट 1587 मध्ये जर्मनीत छापल्या गेलेल्या फाउस्ट या विद्वानाच्या कथेत आत्म्याच्या मोबदल्यात सैतानाशी केलेला करार आहे, तो स्वतःच्या रक्ताने लिहिलेला आहे आणि त्याची मुदत 24 वर्षांची आहे. वाचकाला पहिल्यापासून शेवट ठाऊक असतो, फाउस्टलाही ठाऊक असतो, तरीही मधली वर्षे तो कशी उधळतो हे पाहण्याची ओढ सुटत नाही. ज्ञानाची हाव, सूड, महत्त्वाकांक्षा किंवा प्रिय व्यक्तीला वाचवण्याची धडपड हा तुमच्या नायकाचा दोष असेल, तर दानवच निवडा. तो दोष उघडा पाडण्याचे काम त्याच्याइतके नेमके कोणी करत नाही. अंगात शिरणाऱ्या दानवाच्या कथेतही तो आत आला कसा, दार कोणी उघडले, या प्रश्नाला उत्तर हवे. उत्तर नसेल, तर उरतो तो निव्वळ आजार.

दानव हाताळायला लेखकाकडे दोन गोष्टी असाव्या लागतात. एक म्हणजे युक्तिवादाची ताकद. जॉन मिल्टन यांच्या 1667 च्या महाकाव्यातला सैतान आजही वाचकाला खेचून घेतो, कारण त्याची भाषणे खरोखर पटण्यासारखी आहेत. दानवाचे बोलणे वाचताना वाचकाला क्षणभर तरी त्याचेच खरे वाटले पाहिजे, आणि त्यासाठी त्याने शक्य तितके खरेच बोलावे. फसवणूक न सांगितलेल्या भागात असावी. दुसरी गोष्ट अधिक अवघड आहे. दानव आहेत म्हटले की त्यांच्या विरुद्ध बाजूला कोण आहे आणि ती बाजू गप्प का, असे वाचक विचारणारच. व्हॅम्पायरच्या कथेत हा प्रश्न टाळता येतो, पण दानवाच्या कथेत सृष्टीची सगळी व्यवस्था, निदान लेखकाच्या मनात तरी, पक्की असावी लागते. तयार चौकट हवी असेल, तर सतराव्या शतकातील मंत्रग्रंथांत 72 दानवांची यादी आढळते. त्यात राजे, ड्यूक अशा पदव्या आहेत आणि प्रत्येकाच्या हाताखालच्या पलटणींची संख्याही दिलेली आहे. अनेक भागांच्या मालिकेला अशी उतरंड फार सोयीची पडते.

अंधार ही तिघांतली सर्वांत कठीण निवड आहे. त्याला चेहरा नाही, बोलणे नाही, हेतू नाही. मिखाएल एंडे यांच्या 1979 च्या ‘द नेव्हरएंडिंग स्टोरी’त जग गिळत जाणारी पोकळी आहे, तिच्याकडे पाहिले की आपण आंधळे झालो आहोत असे पाहणाऱ्याला वाटते. तिचे वर्णन एवढेच, आणि ते पुरते. अर्सुला ले ग्विन यांच्या 1968 च्या ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’मधली सावली नायकाच्या गर्वातून मोकळी झालेली असते आणि अखेरीस तो तिला स्वतःच्याच नावाने हाक मारतो. अंधाराचा शेवट हा असाच, आतून, घडावा लागतो. तलवारीने कापला जाणारा किंवा शेवटच्या पानावर प्रकाशझोताने पळून जाणारा अंधार म्हणजे नाव बदललेला दानव होय.

अंधार लिहायचा झाल्यास तो नेहमी त्याच्या परिणामांतून दाखवावा. माणसाच्या डोळ्यांना काळोखाला पूर्ण सरावायला साधारण अर्धा तास लागतो आणि सरावल्यानंतरही रंग दिसत नाहीत, फक्त करडे आकार दिसतात. पात्राला तो अर्धा तास पूर्ण जगू दिला, पायाखालचा दगड, समोरच्याचा श्वास आणि ओळखीच्या वस्तूंचे हरवलेले रंग टिपले, तर ‘घनघोर’, ‘भयाण’ यांसारख्या विशेषणांची गरज पडत नाही. तरीही चारशे पाने निव्वळ अंधाराच्या जोरावर पेलणे अवघड असते. लघुकादंबरीला तो अधिक मानवतो. खिन्नता, अपराधभाव किंवा विस्मरण हा विषय असेल तर विशेषच.

पहिलीच कादंबरी लिहिणाऱ्याने व्हॅम्पायर निवडावा असे मी सांगेन, कारण त्याची भूक आणि बंधने कथानक आपोआप पुढे नेतात. वादविवाद लिहिण्यात हातखंडा असेल, तर दानवाकडे वळायला हरकत नाही. तिन्ही एकत्र आणायचे असल्यास त्यांचे आपसांतले नाते आधी ठरवून घ्यावे, उदाहरणार्थ अंधार हे मूळ, दानव हे त्याचे दलाल आणि व्हॅम्पायर हे त्या व्यवहारात विकले गेलेले लोक. वाचकाला ते उलट्या क्रमाने भेटवावेत, म्हणजे आधी चावलेला शेजारी, मग करार आणि अगदी अखेरीस तो करार ज्याच्या वतीने झाला तो अंधार. या रचनेत व्हॅम्पायरला मारण्याचे नियम दानवाला लागू होणार नाहीत, याची खूण मात्र पहिल्या काही प्रकरणांतच पेरून ठेवावी.