शहापूर खडेबाजारात कर्ज काढून घेतलेला गाळा : वर्ष उलटल्यावर

बेळगावात पैसा गुंतवायचा म्हटलं की दोनच सल्ले मिळतात. खानापूर रोडकडं प्लॉट बघ, नाहीतर बाजारात गाळा घे. मी शहापूरच्या खडेबाजारात भाडेकरूसकट गाळा घेतला, कर्ज काढून. वर्ष उलटलंय. भाडं येतं, जागा रिकामी पडायची भीती नाही. पण ‘भाड्यातूनच हप्ता फिटतो’ हे एजंटांचं पालुपद साफ खोटं आहे.

समजा गाळा 60 लाखांचा, भाडं महिना 20 हजार. वर्षाला 2 लाख 40 हजार, म्हणजे 4 टक्के. त्यातून घरपट्टी आणि पावसाळ्यापूर्वीची कौलांची डागडुजी. निम्मी रक्कम 10 टक्क्यांनी 15 वर्षांसाठी उचलली तर हप्ता 32 हजारांच्या वर जातो. वरचे 12 हजार दर महिन्याला पदरचे. ज्याला हे पेलतं त्यानंच या बाजारात यावं.

खरा घाम कर्जानं काढला. शहापूर 1948 पर्यंत सांगली संस्थानात होतं. त्यामुळे माझ्या फायलीत जुने कागद मराठीत, त्यातला एक मोडीत, पुढचे सगळे कानडीत. बँकेच्या वकिलाला सीटीएस (सिटी सर्व्हे) उतारा, ई-खाता म्हणजे महापालिकेच्या मिळकत नोंदीचा ऑनलाइन उतारा, सलग 30 वर्षांची ईसी म्हणजे मिळकतीवरच्या व्यवहार-बोजांचा दाखला आणि वर मंजूर नकाशा हवा. जुन्या कौलारू इमारतीचा मंजूर नकाशा आणायचा कुठून? एका बँकेनं तिथंच हात झटकले. दुसरीनं कर्ज दिलं, पण मूल्यांकनात कौलाखालचा साठवणीचा माळा धरलाच नाही. विकणारा मात्र माळ्याचे पैसे मोजून घेतो, कारण साड्यांचा सगळा साठा तिथंच असतो. म्हणून बँक 70 टक्के म्हणाली तरी खऱ्या किमतीच्या निम्म्याच्या आसपासच हातात पडलं. उरलेल्यासाठी लोक सौहार्द सोसायट्या, म्हणजे इथल्या सहकारी पतसंस्था, गाठतात. तिथं कागद कमी, व्याज चढं. मी घरचं सोनं मोडलं, ते स्वस्त पडलं.

खर्चाचा आकडा आधी धरून ठेवा. मुद्रांक शुल्क 5 टक्के, सेस-सरचार्ज धरून शहरात 5.6. नोंदणी फी माझ्या वेळी 1 टक्का होती, 31 ऑगस्ट 2025 पासून 2 टक्के झाली. किंमत 50 लाख किंवा त्याहून जास्त असेल तर 1 टक्का टीडीएस विकणाऱ्याच्या रकमेतून कापून आपणच भरायचा.

भाडेकरू माझ्यापेक्षा जुना. बोलायला गोड, पण भाडेवाढीचा विषय काढला की, “लग्नसराई लागू दे की ओ मालक, मग बघूया.” लग्नसराईत चंदगड-खानापूरकडची माणसं बस्त्याला येतात, दुकानात पाय ठेवायला जागा नसते. तेव्हा बोलायला त्याला सवड नसते! त्यात 10 ऑक्टोबर 2024 पासून नवा नियम आला. मालक जीएसटीत नसेल आणि भाडेकरू नोंदणीकृत असेल तर भाड्यावरचा 18 टक्के कर भाडेकरूनं भरायचा. कॉम्पोझिशनवाल्यांना, म्हणजे उलाढालीवर ठरावीक दरानं कर भरणाऱ्या छोट्या व्यापाऱ्यांना, पुढं सूट मिळाली. आमचा नेहमीच्या नोंदणीतला, त्याला तो कर परत वळता करून घेता येतो. तरी दोन महिने त्याचं तोंड फुगलेलं होतं. कानडी पाटीचा खर्चही त्यानं माझ्याकडंच मागून बघितला. तो मी दिला नाही.

आयकरात मात्र बरं आहे. घरपट्टी वजा करून उरलेल्या भाड्यातून 30 टक्के सरसकट वजावट मिळते, शिवाय कर्जाचं व्याज. नव्या करप्रणालीत तोटा झाला तर तो पगारातून वजा होत नाही, हे सीएनं आधीच सांगितलं होतं.

गाळा बघायला जाताना टेप न्या. कर्नाटकच्या 1999 च्या भाडे कायद्याचं भाडेकरूला मिळणारं संरक्षण 14 चौरस मीटरपर्यंतच्या दुकानाला आहे, त्याहून मोठ्याला नाही. माझा थोडा मोठा भरला, म्हणून भाडेकरूसकट घ्यायची हिंमत केली. शेजारचा छोटा गाळा स्वस्तात मिळत होता, तो सोडला. 11 महिन्यांचा करार आता संपतोय. पुढचा 3 वर्षांचा, नोंदणीकृत आणि दरसाल 5 टक्के वाढीचा करायचा असं ठरलंय. नोंदणीचा खर्च निम्मा-निम्मा.