नाशिकमधून नेपाळला नेलेली फ्री डिशची छत्री

एमजी रोडच्या मागच्या गल्लीत डिश रिपेअरिंगचं एक छोटंसं दुकान आहे, त्याबद्दल लिहायचंच होतं. आमच्या सोसायटीचे वॉचमनदादा नेपाळातल्या पोखऱ्याकडचे, दशैंला (तिकडचा दसरा) गावी जाताना आईसाठी टीव्ही चालू करून द्यायचा होता पण दर महिन्याला रिचार्ज कोण करणार, म्हणून मी म्हटलं दूरदर्शनची मोफत डीडी फ्री डिश घेऊन जा, कार्ड नाही की रिचार्ज नाही. आधी एका मोठ्या दुकानात विचारलं तर "तिकडं नाही लागणार ताई" म्हणून हातच झटकले.

या छोट्या दुकानातल्या काकांनी मात्र बसवून नीट समजावलं. फ्री डिशचे चॅनल ज्यावरून येतात तो जीसॅट-15 उपग्रह 93.5 अंश पूर्व रेखांशावर, जवळपास 36,000 किमी वर, आणि त्याचं सिग्नल नेपाळातही पोचतं. फक्त दिशा बदलते. नाशकात छत्री बरोबर आग्नेयेला बघते, पोखऱ्याला ती जवळजवळ दक्षिणेला, पूर्वेकडं थोडीशीच. वरखालीचा कोन इथं साधारण 57 अंश, तिकडं 55, म्हणजे जवळपास तोच. आणि एलएनबी (छत्रीसमोरचा सिग्नल पकडणारा भाग) आपल्याकडं जितका तिरका लावतात तितका तिकडं लागत नाही, हे कुणी सांगितलंच नसतं!! बॉक्स एमपीईजी-4 या नव्या पद्धतीचाच घ्या म्हणाले, जुन्यावर बरेच चॅनल येत नाहीत. छत्री पण नेहमीपेक्षा मोठी दिली, पावसात मार्जिन राहतं म्हणून. दुकानाच्या गच्चीवर लावून सिग्नलची क्वालिटी दाखवली आणि मगच पॅक केलं.

खरी कमाल नंतर झाली. दादा तिकडं पत्र्यावर चढलेले, स्ट्रेंग्थ फुल पण क्वालिटी शून्य, व्हिडिओ कॉलवर काका म्हणतायत नट ढिला करा, अगदी बोटभर हलवा, थांबा, अजून थोडं. पाऊण तास लागला, एक फांदी आडवी होती ती तोडली, आणि एकदम क्वालिटी 70 च्या वर गेली. पहिलं लागलं ते आपलं डीडी सह्याद्री! फोनवर मराठी बातम्या ऐकू आल्या तेव्हा मला खरंच भरून आलं. या कॉलचे काकांनी एक रुपया घेतला नाही.

तक्रार एकच, पक्कं बिल मागितल्यावरच मिळतं. आणि वायर 20 मीटर तरी घ्या, आम्ही 10 नेली ती कमी पडली, तिकडं जोडून घ्यावी लागली.