बोटॉक्स घ्यावं की सुरकुत्या राहू द्याव्यात? अभिनय करणाऱ्यांनी आधी हे बघा

चाळिशी जवळ आली की नटनट्यांना कोणीतरी सांगतंच, कपाळाचं काहीतरी करून घे. मग एक म्हणतो सगळेच घेतात, दुसरा म्हणतो अजिबात हात लावू नकोस, आणि ज्याला ठरवायचंय तो मधल्यामधे अडकतो.

आधी एक गोष्ट नीट कळली पाहिजे, बोटॉक्स म्हणजे सुरकुत्या घालवायला चेहऱ्यात टोचतात ते इंजेक्शन, आणि ते कातडीवर नाही तर स्नायूवर काम करतं. मज्जातंतूकडून स्नायूला आकुंचन पाव म्हणून जो निरोप जातो तो ते अडवतं, स्नायू सैल पडतो आणि त्याच्यावरची आठी जाते. आता दोन भुवयांमधली उभी रेघ ज्या स्नायूंमुळे पडते त्याच स्नायूंनी आपण राग, काळजी, दुःख, काहीच न कळल्याचा भाव दाखवतो, म्हणजे बाकीच्यांची नुसती रेघ जाते पण नटाचं कामाचं साधनच जातं. हॉलिवूडची नटी निकोल किडमनने 2013 मधे उघडपणे सांगितलं होतं की बोटॉक्स करून बघितलं, आवडलं नाही, सोडल्यावर चेहरा परत हलायला लागला. आणि 2010 च्या एका अभ्यासात असंही दिसलं की भुवयांमधे इंजेक्शन घेतल्यावर बायकांना रागाची, दुःखाची वाक्यं वाचून समजायला आधीपेक्षा थोडा जास्त वेळ लागला. छोटाच अभ्यास होता, पण समोरच्याचं ऐकून रिअ‍ॅक्ट होणं हेच ज्याचं काम आहे त्याने याचा विचार करावाच.

फायदा नाही असं मात्र अजिबात नाही. हालचालीने पडणाऱ्या रेघांवर बोटॉक्ससारखा झटपट फरक दुसऱ्या कशानेच पडत नाही. साधारण तीन-चार दिवसांत जाणवायला लागतं, दोन आठवड्यांत पूर्ण दिसतं, तीन-चार महिने टिकतं. चेहरा शांत असतानाही दिसणाऱ्या खोल रेघा पूर्ण जात नाहीत, आणि लोंबलेली किंवा उन्हाने खडबडीत झालेली कातडी तर त्याचा विषयच नाही.

शूटिंगवाल्यांची खरी पंचाईत कंटिन्युइटीची. सीन उलटसुलट क्रमाने शूट होतात, त्यात इंजेक्शन मधेच घेतलं तर एका सीनमधे कपाळ हलतंय आणि लगेच पुढच्या सीनमधे गुळगुळीत. घ्यायचंच असेल तर शूटिंगच्या निदान दोन आठवडे आधी. कधीकधी पापणी खाली उतरते आणि ते जायला काही आठवडे लागतात, काही फिलर (खड्डे-रेघा भरायला कातडीखाली टोचतात ते जेल) जसे एन्झाइम टोचून विरघळवता येतात तसं इथे काहीच नाही, वाट बघायची.

नैसर्गिक म्हणजे काहीच करायचं नाही असं लोकांना वाटतं ते चूक आहे. सुरकुत्यांचा मोठा वाटा उन्हाचा असतो, त्यातले यूव्हीए किरण काचेतूनही येतात. ऑस्ट्रेलियातल्या एका मोठ्या प्रयोगात (2013 मधे छापून आला) रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांची कातडी, मनाला येईल तेव्हा लावणाऱ्यांपेक्षा स्पष्टपणे कमी म्हातारी झाली. सिगरेट बंद, रात्री डॉक्टरांच्या सल्ल्याने ट्रेटिनॉइन, म्हणजे व्हिटॅमिन ए पासूनचं लावायचं क्रीम (गरोदरपणात नाही). हे सगळं हळू चालतं, महिने जातात आणि खोल आठी तशीच राहते, पण चेहरा पूर्ण तुमच्या ताब्यात असतो.

याचीही किंमत आहेच. पुरुषाच्या सुरकुत्या भारदस्त म्हणून खपतात आणि त्याच वयाच्या बाईचे रोल कमी होतात, हा उघड अन्याय आहे आणि तो एकेकट्या नटीने आपल्या कपाळावर झेलावा असं मी म्हणणार नाही. हॉलिवूडची केट विन्स्लेट असल्या उपायांच्या ठामपणे विरोधात बोलते ते मला मनापासून आवडतं, पण तिच्याकडे कामं चालत येतात, नवीन मुलीकडे येत नाहीत.

माझं मत विचाराल तर क्लोजअपवाली गंभीर कामं करायची असतील तर भुवयांमधे घेऊ नका. डोळ्यांच्या कडेलाही जपून, खरं हसू तिथेच दिसतं. जाहिराती किंवा अँकरिंग हेच मुख्य काम असेल तर थोडंसं घेऊन फार बिघडत नाही. आज नाही घेतलं तर पुढच्या वर्षी घेता येतं, म्हणून शंका असेल तर थांबाच.

घ्यायचं ठरलंच तर आधी राग, रडू, आश्चर्य, हसू असा स्वतःचा व्हिडिओ काढून ठेवा आणि दोन आठवड्यांनी पुन्हा काढून शेजारी लावून बघा. मी अभिनय करते किंवा करतो, हालचाल राहिली पाहिजे, डोस कमी द्या, हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा. औषधाचं नाव आणि किती युनिट कुठे टोचली ते लिहून घ्या. गरोदर असाल, अंगावर पाजत असाल किंवा मायस्थेनिया ग्रेव्हिससारखा स्नायूंचा आजार असेल तर हा पर्याय बादच समजा.