सेरामा, चाबो की सिल्की? मराठवाड्याच्या उन्हात घरात पाळायची बुटकी कोंबडी

घरात कोंबडी आणली म्हटलं की आमच्या लातुरात पहिला प्रश्न ठरलेला, "कापायची कधी?" माझी मावशी अजूनही विचारते, "खायाची नाही, इकायची नाही, मग हिला सांभाळायलास कशाला?" चार वर्षांत मला याचं धड उत्तर देता आलेलं नाही. पण ज्यांचं पाळायचं ठरलंच आहे, फक्त कोणती आणावी इथं गाडी अडलीय, त्यांच्यासाठी माझ्याकडं बोलण्यासारखं बरंच आहे. 'फॅन्सी' म्हणून जे बुटके पक्षी विकायला असतात, त्यांत घरात ठेवण्याजोगे मला तीनच वाटतात: सेरामा, चाबो आणि सिल्की. तिन्ही ठेवून पाहिले. दोन अजून आहेत, तिसरी शेतावर चुलत भावाकडं दिली.

माझं मत आधीच सांगून टाकतो. फ्लॅट असेल आणि नुसता लळा लावायला पाहिजे असेल, तर सेरामाच्या दोन माद्या. पिल्लं काढायची हौस असेल तर चाबो, पण एका अटीवर. ती पुढं येईल. सिल्की तिघींत सगळ्यात गोड, मिळायला सगळ्यात सोपी, आणि मे महिन्यात सांभाळायला सगळ्यात अवघड. शेतावर दिली ती हीच.

अशा बुटक्या कोंबड्यांना बँटम म्हणतात. हे नाव जावा बेटावरच्या बांतेन बंदरावरून पडलं. सेरामा मात्र मलेशियाची, केलांतान भागातली, आणि जात म्हणून अगदी अलीकडची. जगातली सगळ्यात छोटी कोंबडी हीच. चांगला पक्षी अर्ध्या किलोच्या आत भरतो, काही तर साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास. छाती पुढं, मान मागं, पंख जमिनीकडं सरळ. उभी राहते ती तालमीतल्या नव्या पोरासारखी. चाबो जपानची. शेपटी डोक्याच्याही वर ताठ, आणि पाय इतके आखूड की चालताना पोट फरशीला लागतंय की काय असं वाटावं. वजन साधारण पाचशे ते सातशे ग्रॅम. सिल्की चीनकडची. हिच्या पिसांना एकमेकांत अडकणारे बारीक आकडे नसतात, म्हणून पिसं कापसासारखी सुटी राहतात. बोटं चारऐवजी पाच, कातडी काळी. त्या काळ्या कातडीमुळं प्रत्येक पाहुणा "कडकनाथ का?" म्हणून विचारतो. नाही. कडकनाथ मध्य प्रदेशातल्या झाबुआचा, ती वेगळी जात. सिल्की बँटम म्हणून विकली तरी किलोच्या आसपास जाते, आणि दोन खोल्यांच्या घरात हा फरक फार जाणवतो.

आता ऊन. परदेशी माहितीत या जातींबद्दल जे लिहिलेलं असतं, त्यात थंडीची काळजी असते. आपली काळजी उलटी. कोंबडीला घाम येत नाही. चोच उघडून धापा टाकायच्या आणि पंख अंगापासून लांब धरायचे, एवढाच तिच्याकडं इलाज. पारा पस्तीसच्या वर गेला की त्रास सुरू होतो, आणि आपल्याकडं नांदेड-परभणीला मे महिन्यात ४२-४३ म्हणजे रोजचंच. पहिल्या उन्हाळ्यात दुपारी तीनला कार्यालयातून घरी आलो, तर सिल्की मोरीच्या कोपऱ्यात ओल्या फरशीला पोट लावून पसरलेली. डोळे अर्धे मिटलेले, गळ्याजवळची कातडी लटलट हलतेय. पाय गार पाण्यात बुडवून धरले, गोणपाट ओलं करून खाली घातलं, पाण्यात इलेक्ट्रोलाइटची पूड टाकून थेंबथेंब पाजली. संध्याकाळी उठली. पण त्या मे महिन्यात असे चार दिवस आले. अंगावर कापूस, आणि तुरा म्हणजे अक्रोडाएवढी गाठ. चाबोचा तुरा मोठा आणि उघडा असतो, त्यातून अंगातली उष्णता बाहेर पडते. त्याच खोलीत चाबो धापा टाकत होती, पण दाणेही टिपत होती. सेरामा उष्ण प्रदेशातली असल्यानं तिला ऊन बाधत नाही असं विक्रेते सांगतात. अर्धंच खरं आहे. मलेशियात आपल्यासारखं ४२ होत नाही. ती सिल्कीपेक्षा बरी टिकते इतकंच.

कूलर लावा, पण त्याचा भरवसा जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंतच. एप्रिल-मेची हवा कोरडी, तेव्हा कूलर झकास चालतो. मृगाच्या तोंडावर हवा दमट झाली की कूलर नुसती ओल फेकतो, आणि कोंबडीची धाप हाही वाफेचाच खेळ असल्यानं तीही वाया जाते. तेव्हा कूलर बंद, खिडक्या उघड्या आणि साधा पंखा. थंडीचं गणित वेगळं. डिसेंबर-जानेवारीत परभणीकडं पहाटे पारा दहाच्या खाली उतरतो, तेव्हा सेरामाला खोक्यात, वारा लागणार नाही अशा कोपऱ्यात घ्यावं लागतं. बाकी दोघींना त्याचं काही नाही.

घाण. यावर सगळे गोड बोलतात, म्हणून स्पष्ट लिहितो. कोंबडीला जागा शिकवता येत नाही. जागी असताना अर्ध्या तासाला एकदा ती शिटणार, आणि दिवसातून दोन-तीनदा तपकिरी, चिकट, भयंकर वासाची. सेरामाची शिट बोटाच्या नखाएवढी. कागदानं उचलली की झालं. सिल्कीची फरशी पुसावी लागते, शिवाय मागच्या पिसांना चिकटते ती वेगळी. कापडी लंगोट मिळतात, कुणी शिवूनही देतं, पण ते दोन-तीन तासांनी बदलायचे आणि धुवायचे. ज्या शहरानं २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी प्यायलं, तिथं कोंबडीचे लंगोट धुवायला बादलीभर पाणी काढताना बायकोकडं बघायची हिंमत होत नाही. मी लंगोट सोडून दिले. दोन फूट बाय तीन फुटांचा पिंजरा, खाली लाकडाचा जाड किस, संध्याकाळी दोन तास मोकळं सोडायचं तेवढ्यापुरती जुनी चादर अंथरायची. सोयाबीनचं भुसकट फुकट मिळतं म्हणून एकदा वापरलं. पावसाळ्यात त्याला बुरशी धरली. अंघोळीला पाणी लागत नाही ही मात्र मेहेरबानी. घमेल्यात कोरडी माती आणि मूठभर राख ठेवली की तिघीही त्यात लोळतात. घरात कुणाला दमा असेल तर मात्र तिन्हींचा विचार सोडा. पिसांचा बारीक कोंडा सगळ्या खोलीत उडतो. पोरांना हात धुवायची सवय लावा, आणि चोचीला तोंड लावू देऊ नका.

आवाजाचं थोडक्यात. मादी अंडं घातल्यावर पाच मिनिटं गावभर सांगते, तेवढं शेजारी सहन करतात. नर कुठल्याही जातीचा असो, आरवणारच. सेरामाचा आवाज बारीक, पण जिन्यात ऐकू येतोच. आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकांनी आठवड्यातच दारात येऊन सांगितलं, "तुमचा कोंबडा पहाटं तीनलाच ओरडायलाय, माझी बीपीची गोळी वाढली." नराला रात्री अंधाऱ्या खोक्यात कोंडायची युक्ती सांगतात. आपल्याकडं मे महिन्यात ती करू नका, सकाळी खोक्यात मेलेला पक्षी निघेल.

पिल्लं काढायची तर आधी चाबोची अट. तिचे आखूड पाय एका जनुकामुळं येतात, आणि ते आई आणि बाप दोघांकडून आलं तर गर्भ जगत नाही. म्हणजे आखूड नर, आखूड मादी अशी देखणी जोडी लावली, तर फळलेल्या अंड्यांतली सरासरी चारातलं एक वाया जातं, दोन आखूड पायांची निघतात, एक लांब पायांचं. मला हे माहीत नव्हतं. अंडी उबवायला ठेवल्यावर सातव्या रात्री पुठ्ठ्याची नळी करून मोबाइलच्या टॉर्चवर अंडी धरली. बाकीच्यांत कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा, आणि तीन अंड्यांत नुसती लाल कडी. जीव धरून थांबलेला. माझंच काही चुकलं म्हणून मी उबवणीच्या मशीनमधलं पाणी कमी-जास्त करत बसलो. उपाय साधा आहे: आखूड नराला लांब पायांची चाबो मादी द्या. निम्मी पिल्लं आखूड पायांची होतात आणि या कारणानं एकही मरत नाही. लांब पायांच्या चाबो लोक 'फेल' म्हणून स्वस्तात काढतात, त्याच उचला.

सेरामाचं दुखणं वेगळं. साडेतीनशे ग्रॅमच्या जोडीला साडेतीनशे ग्रॅमचीच पिल्लं होतील याचा नेम नाही. एकाच घाण्यात छोटं, मध्यम, मोठं निघतं. फार छोट्या मादीला अंडं अडकायची भीती, म्हणून शिंपल्याचा चुरा कायम पुढ्यात ठेवा आणि अंड्यासाठी जरा थोराड मादी निवडा. सेरामाची अंडी एकोणीस-वीस दिवसांत फुटतात, इतरांची एकविसाव्या दिवशी. मशीनमध्ये एकत्र घातली तर शेवटच्या तीन दिवसांत ओलावा कुणाच्या हिशेबानं वाढवायचा हा घोळ होतो. पिल्लू मोठ्या भुंग्याएवढं. पाण्याच्या झाकणात गोट्या टाकल्या नाहीत तर बुडून मरतं.

आणि इथं सिल्की सगळ्यांना मागं टाकते. ती वर्षातून कितीदाही खुडूक होते, कुणाचीही अंडी पोटाखाली घेते. वीज गेली तरी तिचं मशीन बंद पडत नाही. पिल्लं काढणाऱ्यानं सावलीच्या अंगणात एखादी सिल्की फक्त एवढ्यासाठी ठेवावी. कुणाच्याही पोटाखाली घाला, पण अंडी उन्हाळ्यात बसवू नका. आपल्या घरातल्या चाळीस अंशांत फडताळावर ठेवलेल्या अंड्यात गर्भ अर्धवट वाढायला लागतो आणि मरतो. आजी दिवाळीनंतरच कोंबडी बसवायची, ते उगीच नव्हतं.

पिल्लं निघाली की त्यांतले निम्मे नर, याचं काय करणार? सेरामाचा नर दोन महिन्यांत ओळखू येतो, सिल्कीचा कधी कधी पाच महिने कळत नाही, तोवर नाव ठेवून झालेलं असतं. दोन नर एका पिंजऱ्यात टिकत नाहीत. विकायला काढलात तर आषाढात गिऱ्हाईक लगेच मिळतं, पण ते कशासाठी नेतंय हे तुम्हालाही माहीत असतं. याचं उत्तर तयार नसेल तर नुसत्या माद्या ठेवा. नराविना अंडी देतातच. सेरामाची चार अंडी फोडली तर बाजारच्या एका अंड्याचं आम्लेट होतं.

मानमोडीची, म्हणजे राणीखेत आजाराची, लस मात्र चुकवू नका. पिल्लू आठवड्याचं व्हायच्या आत लासोटा ही लस, मग चौथ्या आठवड्यात पुन्हा. अडचण अशी की सगळ्यात छोटी कुपीही शंभर पक्ष्यांची, आणि एकदा कालवली की दोन तासांत संपवायची. मी गल्लीतल्या गावरान कोंबड्या पाळणाऱ्या तिघांना आदल्या दिवशी सांगतो, थर्मासमध्ये बर्फ घालून कुपी आणतो आणि सकाळी सगळ्यांच्या पिल्लांच्या डोळ्यात थेंब टाकत फिरतो. आजार कळेना तर परभणी आणि उदगीर इथं पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. बर्ड फ्लूचं म्हणाल तर जानेवारी २०२१ मध्ये परभणीजवळच्या मुरुंब्यात तो आला, तेव्हा किलोमीटरभराच्या आतले सगळे पक्षी मारायचा आदेश निघाला. घरातली लाडकी आहे म्हणून त्यातून सूट नसते. खिडकीला जाळी लावा, कावळ्यांना तिच्या भांड्यापाशी येऊ देऊ नका.

आणायची तर दिवाळीनंतर आणा, म्हणजे पहिल्या उन्हाळ्याआधी ती घराला रुळते. पहिले दोन-तीन आठवडे इतरांपासून लांब ठेवा. आणि वाढ पूर्ण झालेलाच पक्षी, काट्यावर ठेवलेला व्हिडिओ मागून, घ्या. मी हे केलं नव्हतं. एकानं मला 'अस्सल सेरामा, अडीचशे ग्रॅम' म्हणून मादी पाठवली. अडीचशेच होती, कारण ते गावरान पिल्लू होतं. सहा महिन्यांनी किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवली तर एक किलो शंभर. मावशी तेव्हा शेजारीच उभी होती. तिनं कोंबडी दोन्ही हातांनी उचलली, छाती चाचपली आणि चार वर्षांत पहिल्यांदाच पसंतीची मान हलवली. "हां, ही जमली बघ. हिचा रस्सा होतंय."