आर.ई.एम.चा 'मर्मर' : आठ महिने वाजवला, शब्द अजून कळले नाहीत

गेल्या दिवाळीत आर.ई.एम. या अमेरिकन रॉक बँडची ही एलपी ऑनलाइन मागवली, कुपवाडला येईस्तोवर खोक्याचा एक कोपरा चेंबला होता पण तबकडी शाबूत. आठवड्यातनं दोन-तीनदा तरी लागतेच, म्हणून आता लिहायला हरकत नाही.

पहिले पंधरा दिवस वाटलं आपलंच इंग्रजी कच्चं, मराठी मीडियमवाले आपण, म्हणून गायक काय म्हणतोय ते कळंना. हेडफोन लावून बघितला, स्पीकर हलवून बघितले, लिरिक्स शोधले तर दोन ठिकाणी दोन वेगळेच शब्द. मग वाचल्यावर कळलं की 1983 साली अमेरिकेतल्या लोकांचीपण हीच गत होती, मायकल स्टाइप तोंडातल्या तोंडात गातो आणि त्याचा आवाज मुद्दाम वाद्यांच्या आत ठेवलाय. मर्मर म्हणजे पुटपुटणं, नावातच सांगून टाकलंय की राव! त्या दिवशी लय हलकं वाटलं.

अल्बम झाला कसा तेपण भारी आहे. आय.आर.एस. या रेकॉर्ड कंपनीनं आधी स्टीफन हेग हा प्रोड्यूसर दिला, त्यानं 'कॅटपल्ट' हे एकच गाणं परत परत वाजवून घेतलं आणि वर सिंथेसायझर चढवला. पोरं वैतागली, आम्हाला ओळखीचाच मिच ईस्टर पाहिजे म्हणून बसली. मग ईस्टर आणि डॉन डिक्सन या दोघांबरोबर अमेरिकेतल्या शार्लट शहरातल्या स्टुडिओत काम झालं, गिटारचे लांबलचक सोलो नाहीत, फॅशनचे सिंथ नाहीत. 'वी वॉक'मध्ये मागं ढग गडगडल्यासारखं येतं ना, ते बिलियर्डचे गोळे एकमेकांवर आदळल्याचा आवाज स्लो करून घातलाय. आम्ही घरी कॅरमच्या सोंगट्या मोबाइलवर रेकॉर्ड करून ट्राय केलं, ढग कसले, पत्र्याचा डबा पडल्यासारखं आलं.

मिरजेत सतारमेकर गल्लीत काम करणारा एक मित्र आहे, त्याला ऐकवलं. पीटर बकची गिटार ऐकून म्हणाला, "भावा, हा नुसतं झोडत न्हाई, एकेक तार सुटी छेडतोय आणि मोकळी तार मागं बोलत ठेवतोय." तेव्हापासनं मला तेच ऐकू येतं. माइक मिल्सचा बेस तर जवळजवळ दुसरा गायकच, पण स्वस्तातल्या ब्लूटूथ स्पीकरवर तो गायबच होतो, आधीच सांगतो.

कव्हरवर सगळीकडं कुडझूची वेल माजलेली, ती जपानची, जमिनीची धूप थांबवायला अमेरिकेत लावली आणि आवरंना. अप्पांनी बघितलं आणि म्हणाले, आपलं गाजरगवत बरं की.

मायकल जॅक्सनच्या 'थ्रिलर'चा जमाना चालू असताना रोलिंग स्टोन मासिकानं 1983 चा अल्बम म्हणून हाच निवडला. चार्टवर 36 च्या वर गेला नाही तरी कॉलेज रेडिओवर वाजत राहिला, आणि पुढं ज्याला अल्टरनेटिव्ह रॉक म्हणायला लागले त्याची वाट बरीचशी इथनंच फुटली. याच बँडचं पुढचं गाजलेलं गाणं 'लूझिंग माय रिलिजन' ऐकून इकडं येणाऱ्यांना सुरवातीला जरा कोरडं वाटंल, मलापण वाटलं होतं.

तक्रार एकच, एमआयडीसीची धूळ. ब्रश घ्याच, आणि उन्हाळ्यात तबकडी उभीच ठेवा. कोपऱ्याचा अर्धा स्टार कापून साडेचार.

पोरगी सहावीत आहे, यातलं 'रेडिओ फ्री युरोप' हे गाणं लागलं की "रेडिओ फिरव यार" म्हणत नाचते. आता घरात सगळे तेच म्हणतो.