पुणे–नागपूर विमानप्रवास: स्वस्त भाडं आणि वरचं भाडं, दोन्ही वापरल्यानंतर

माहेर नागपूरला, नोकरी पुण्यात. आईच्या तपासण्या सुरू झाल्यापासून येणं-जाणं वाढलं आणि एकाच कंपनीची सगळ्यात स्वस्त तिकिटं आणि त्यावरच्या भाड्याची तिकिटं, दोन्ही आलटून पालटून वापरून झाली. या विमानात बिझनेस क्लास नाही, सगळ्या खुर्च्या एकसारख्या. चेक-इनचं सामान दोन्हीत १५ किलो, हातातलं ७ किलो. क्रूची वागणूकही सगळ्यांशी सारखीच, त्याबद्दल तक्रार नाही.

वरच्या भाड्यात साधी सीट फुकट निवडता येते, खायला मिळतं आणि तारीख बदलायचं शुल्क कमी लागतं. यातली तिसरी गोष्टच खरी कामाची. डॉक्टरांची अपॉइंटमेंट पुढे-मागे होतेच आणि एकदा तारीख बदलली की वरच्या भाड्यासाठी मोजलेले जास्तीचे पैसे वसूल होतात. तारीख पक्की असेल तर मात्र स्वस्तातलंच घ्या.

शेजारच्या माणसाने माझ्या निम्म्या पैशांत तिकीट काढलं, याचं मला वाईट वाटत नाही. जागा दरांच्या टप्प्यांत वाटलेल्या असतात, खालचा टप्पा संपला की वरचा उघडतो. लवकर काढणाऱ्याला स्वस्त, हे पटतं. दिवाळीचं मात्र अजिबात पटत नाही. एरवी चार हजारांच्या आसपास मिळणारं तिकीट तेव्हा बारा-तेरा हजारांवर जातं, आणि त्यात सेवा तसूभरही वाढत नाही. खासगी ट्रॅव्हल्सना आपल्या राज्याने २०१८ मध्ये एसटीच्या दीडपट भाड्याची मर्यादा घातली. डिसेंबर २०२५ मध्ये देशभर उड्डाणं कोलमडली, तेव्हा केंद्रानेही ५०० ते १००० किलोमीटरच्या प्रवासाला १२,००० रुपयांची कमाल मर्यादा लावली होती. म्हणजे मनात आणलं तर जमतं. मग सणासुदीला का नाही?

सगळ्यात जास्त राग येतो तो सीट निवडायच्या स्क्रीनचा. स्वस्त तिकिटावर वेब चेक-इन उघडलं की सगळा नकाशा रंगीत, प्रत्येक खुर्चीवर किंमत. फुकटची एकही दिसत नाही. 'सीट न निवडता पुढे जा' हे खाली कोपऱ्यात, फिकट करड्या अक्षरांत. आईला ते दिसलंच नाही, ती पैसे भरून मोकळी झाली. सीट, खाणं यांचे वेगळे पैसे घ्यायला डीजीसीएची, म्हणजे विमानसेवेवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेची, परवानगी आहे, पण प्रवाशाने स्वतःहून निवडलं तरच. बुकिंगच्या ॲपवर विम्याची खूण आधीच केलेली असते, तीही दर वेळी काढावी लागते. नकळत बिलात वस्तू घुसवणं २०२३ च्या डार्क पॅटर्नविषयीच्या (म्हणजे ग्राहकाला फसवणाऱ्या ॲप-वेबसाइटच्या रचनेविषयीच्या) नियमावलीत थेट नाव घेऊन बंद केलंय, तरी चालूच आहे.

बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला आई-वडिलांपैकी एकाच्या शेजारी बसवा, असं डीजीसीएने एप्रिल २०२४ मध्ये सांगितलं. फार चांगलं केलं. गुडघे धरलेल्या म्हाताऱ्या माणसालाही कडेची सीट अशीच, जादा पैसे न घेता मिळायला हवी. माझी आई मधल्या खुर्चीत अडकून बसते आणि बाथरूमला जायला दोन माणसांना उठवायचं म्हणून घोटभर पाणीही पीत नाही.

आणि एक प्रसंग. नागपूरहून रात्रीचं विमान रद्द झालं. काउंटरवर वरच्या भाड्याच्या प्रवाशांना सकाळच्या विमानात जागा दिल्या, बाकीच्यांना दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. माझ्यापुढच्या काकू विचारत होत्या, "ताई, पैसे परत मिळतील का हो?" काउंटरवरची मुलगी म्हणाली, "तुमचं स्वस्तातलं तिकीट आहे, परत मिळत नाही." हे साफ चूक आहे. विमान कंपनीने रद्द केलं तर पर्यायी विमान किंवा पूर्ण परतावा, यातलं काय घ्यायचं ते प्रवासी ठरवतो, मग तिकीट कोणत्याही भाड्याचं असो. मी मोबाईलवर नियम उघडून दाखवला, तेव्हा काकूंचा परतावा नोंदवून घेतला.

आपण स्वतः तिकीट रद्द केलं तरी कर आणि विमानतळाचं शुल्क परत मिळतं, अगदी ऑफरच्या तिकिटावरही. रद्द करायचं शुल्क मूळ भाडं आणि इंधन अधिभार यांच्या बेरजेपेक्षा जास्त घेता येत नाही. पुणे–नागपूरसारख्या अडीच तासांपर्यंतच्या प्रवासात विमानाला दोन तासांहून जास्त उशीर झाला तर चहा-नाश्ता सगळ्यांना द्यायचा असतो. बिनधास्त मागा.

पुढच्या खेपेला आईचं तिकीट वरच्या भाड्याचं काढणार आहे, फक्त कडेच्या सीटसाठी. माझं स्वस्तातलंच.