खोडद, चिली की घरचा संगणक? तारानिर्मितीवरचा प्रोजेक्ट निवडताना

जून उजाडला की नौपाड्यातल्या आमच्या घरी एमएससीची दोन-तीन मुलं हमखास येतात. प्रश्न ठरलेला: तारे जन्मतात त्या ढगांवर प्रोजेक्ट करायचाय, एखाद्या मोठ्या गटाबरोबर करायचाय, तर शिरायचं कुठून? मला ठाऊक असलेल्या वाटा तीन. खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीचा डेटा, चिलीतल्या आल्मा दुर्बिणीचा खुला झालेला डेटा, किंवा दुर्बिणीला हात न लावता रेणूंचं गणित.

बहुतेकांचा ओढा खोडदकडे, कारण ते आपलं. कल्याणहून माळशेज चढलं की आळेफाटा, पुढे नारायणगाव. ४५ मीटर व्यासाच्या त्या ३० अँटेना अनेकांनी शाळेच्या सहलीतच पाहिलेल्या असतात. पण एक अडचण मुलांना उशिरा कळते. जीएमआरटी साधारण १४५० मेगाहर्ट्झपर्यंत ऐकते, आणि या विषयातला हुकमी रेणू, कार्बन मोनॉक्साइड, बोलतो ११५ गिगाहर्ट्झवर. ढगात भरलेला असतो हायड्रोजनचा रेणू, पण तो पडला सममित, त्यामुळे सहजी रेडिओलहरी सोडत नाही. शून्याखाली २६० अंशांच्या थंडीत तो जवळपास गप्पच असतो. म्हणून त्याचा ठावठिकाणा कार्बन मोनॉक्साइडकडून काढायचा. खोडदला भेटतो १४२० मेगाहर्ट्झचा, रेणू न बनलेला सुट्या अणूंचा हायड्रोजन, आणि नव्या भारदस्त ताऱ्यांनी तापवून आयनीभूत केलेला वायू. तारा जन्मून आता स्वतःचंच पाळणाघर मोडायला निघालाय, ती अवस्था. विषय झकास आहे, फक्त प्रोजेक्टच्या नावात ‘मॉलेक्युलर’ लिहू नका.

आल्माची गोष्ट वेगळी. आटाकामाच्या वाळवंटात सुमारे ५००० मीटर उंचीवर ६६ अँटेना. भारत तिथे भागीदार नाही, त्यामुळे नवखा माणूस दुर्बिणीचा वेळ मागायला गेला तर अवघडच. पण निरीक्षणं साधारण वर्षभराने सगळ्यांना खुली होतात, आणि तिथेच आपलं फावतं. हा डेटा हाताळायचं कासा हे सॉफ्टवेअर फुकट आहे. ते विंडोजवर थेट चालत नाही, तेव्हा आधी लिनक्स टाकून घ्या. कच्चा डेटा उतरवायच्या भानगडीत पडू नका; घोडबंदर रोडला पावसाळ्यात वीज गेली की शंभर जीबीचं डाउनलोड साठ टक्क्यांवर लटकलेलं मी पाहिलंय. बरेचदा तयार प्रतिमांच्या फायली मिळतात, त्यांवर सुरुवात होते.

त्यांत दिसतं काय? एचसीओ प्लस (हायड्रोजन, कार्बन, ऑक्सिजनचा धनभारित रेणू) या आयनाची ८९ गिगाहर्ट्झजवळची रेषा, म्हणजे ठरावीक वारंवारतेवरचा त्याचा संकेत, घ्या. आलेखावर एका शिखराऐवजी दोन उंचवटे दिसतात, मध्ये खळगा, आणि निळ्या, म्हणजे आपल्याकडे येणाऱ्या वायूच्या, बाजूचा उंचवटा जास्त वर. वायू आत कोसळतोय, तारा घडतोय, याची ती खूण असू शकते. लगेच उड्या मारायच्या नाहीत, कारण एकामागे एक असे दोन वेगळे ढग असले तरी आलेख असाच दिसतो. मग याच आयनाच्या जड कार्बनवाल्या भावंडाची रेषा काढायची. ते भावंड विरळ, त्यामुळे त्याचा प्रकाश वाटेत अडत नाही. त्याचं एकच शिखर नेमकं त्या खळग्याच्या जागी आलं, तर कोसळण्याचा दावा टिकतो. एका मुलाला सहा महिने पुरेल एवढं हे काम आहे, आणि ते सर्वस्वी त्याचं असतं.

तिसरी वाट मुख्यतः रसायनवाल्यांची. याच एचसीओ प्लसची हकीकत ऐका. १९७० मध्ये बूल आणि स्नायडर यांना आकाशात ही रेषा सापडली, पण ती कोणाची ते कळेना, म्हणून नाव पडलं ‘एक्स-ओजेन’. ती एचसीओ प्लसची असावी असं क्लेम्परर यांनी सुचवलं, आणि प्रयोगशाळेत पुरावा मिळाला १९७५ मध्ये. असे अनोळखी पाहुणे आजही डेटात सापडतात. ऑर्का किंवा साय-फोर हे रेणूंचं गणित करणारं सॉफ्टवेअर घेऊन घरच्या संगणकावर रेणूचे स्थिरांक, आणि त्यांवरून त्याच्या रेषांच्या वारंवारता, काढता येतात. पण गणित एक दशांश टक्का चुकलं तरी ८९ गिगाहर्ट्झवर ८९ मेगाहर्ट्झचा घोळ होतो, आणि सेकंदाला एक किलोमीटर वेगफरकाची रेषा जेमतेम ०.३ मेगाहर्ट्झ रुंद असते. म्हणजे प्रयोगशाळेतला जोडीदार नसेल तर हे काम अर्धवटच राहणार. तो आधी पक्का करा, गणित मागाहून.

खर्च आणि प्रवास तिन्हींत किरकोळ. खरा प्रश्न पेपरवरच्या नावाचा. विद्यार्थी असताना एका गटासाठी मी आठ महिने डेटातली गडबड, मोबाइल टॉवरचा गोंगाट वगैरे, हाताने निवडून काढली. पेपर छापून आला तेव्हा माझं नाव आभारांत, तेही चुकीच्या आडनावाने. दोष माझाही होता, मी आधी विचारलंच नव्हतं. म्हणून पहिल्याच ईमेलमध्ये विचारा: यातली कुठली आकृती माझी असेल? उत्तर गुळमुळीत आलं, तर गट कितीही मोठा असो, दुसरीकडे बघा.

माझं मत विचाराल तर भौतिकवाल्याने, विशेषतः ऐरोलीत नोकरी करून रात्री बसणाऱ्याने, आल्माचा जुना डेटा घ्यावा. तो रात्री दोनलाही उघडा असतो. रेडिओ इंटरफेरोमेट्री (अनेक अँटेनांचे संकेत जुळवून एक चित्र काढणं) मुळापासून शिकून पुढे पीएचडी करायची असेल तर मात्र खोडदच. तिथला डेटा साफ करताना जे हाताला वळण लागतं ते तयार फायलींवर लागत नाही, आणि जीएमआरटी चालवणाऱ्या पुण्याच्या माणसांना गाडी पकडून भेटता येतं. रसायनवाल्याने गणित घ्यावं, आल्मावाल्या एखाद्या मित्राला सोबत घेऊन. गेल्या वर्षी वाशीची एक मुलगी आणि कळव्याचा एक मुलगा असे जोडीने बसले. तिने काढलेल्या वारंवारतेच्या आसपास तो त्याच्या डेटात रेषा शोधतो, आणि भांडणं झाली तर माझ्याकडे येतात.